११० चं पेट्रोल मागून फसवणूक टळत नाही

‘पंपावर १००, २०० असा पूर्ण आकडा सांगू नका. मशीन त्यावर आधीच सेट असतं. ११० किंवा २१५ सांगा.’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. कृपया त्यावर विसंबू नका. मशीन लिटर मोजतं आणि दराने गुणून रुपये दाखवतं. पूर्ण आकड्यांची बटणं असतात ती काम पटकन व्हावं म्हणून.

चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या छाप्यांत मशीनमध्ये बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. पण मापातच खोट असेल तर ११० मागून काय होणार?

नेहमीची लबाडी साधी असते. मागच्या महिन्यात मी २०० चं सांगितलं आणि स्कूटरची सीट उचलत होते, तेवढ्यात मुलाने विचारलं, ‘ताई, कॅश की ऑनलाइन?’ मान वर केली तर काटा थेट ७० वर. आधीच्या गिऱ्हाइकाचे ५० पुसलेच नव्हते! म्हणून नळी टाकीत जाण्याआधी शून्य बघा, पैशांचं नंतर बोला.

तरी शंका वाटली तर पंपावरचं शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप मागा. ते ठेवणं बंधनकारक आहे आणि समोर मोजून घेणं हा तुमचा हक्क आहे. ५ लिटरमागे २५ मिलीपर्यंतच फरक चालतो. जास्त निघाला किंवा माप द्यायला टाळाटाळ केली, तर वजनमापे खात्याकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बिल मात्र जपून ठेवा.