18 वर्षांनंतर ‘आपोआप’ काहीच होत नाही

ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच: मूल 18 वर्षांचं झालं तरी आई-वडीलच पालक राहतात, वेगळं काही करावं लागत नाही, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलं की योजना आपोआप सुरू होतात, एक लाखाचा सरकारी विमा आहेच, घर भावंडाच्या नावावर करा, पुढचं तो बघेल, सरकारने सगळं दिलंय. यात थोडं खरं आणि बरंच चुकीचं मिसळलेलं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं.

आधी पालकत्व. अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक ही आई-वडिलांची कायदेशीर ओळख 18 व्या वाढदिवशी संपते. घरात काही बदलत नाही, बँकेत बदलतं. अज्ञान मुलाचं खातं आता सज्ञानाचं करायचं असतं, त्यासाठी त्याची स्वतःची सही लागते आणि सही करता येत नसेल तर व्यवहार अडकतात. यावरचा रस्ता 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करायचा. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्जासोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, होणाऱ्या पालकाची संमती. आई आणि वडील दोघांनी मिळून अर्ज करावा. एकाच्याच नावाने केला आणि तोच आधी गेला, तर सगळं पहिल्यापासून. आधारवर ‘गणेश’ आणि प्रमाणपत्रावर ‘गणेशकुमार’ असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, बरेच अर्ज तिथेच रेंगाळतात. पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यावर काम संपत नाही: 6 महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशेब. समितीचं हे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. काउंटरवरच्या माणसाला ती माहीत असेलच असं नाही, तेव्हा प्रत सोबत न्या.

याची दुसरी बाजूही आहे. पालकत्व सगळ्यांनाच लागतं असं नाही. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे समितीनेच आधी पाहायचं असतं. व्यवहार समजणारी, सही करणारी मुलगी असेल तर आईसोबतचं संयुक्त खातं पुरतं. गरज नसताना पालकत्व घेणं म्हणजे तिच्या हातातली सही काढून घेणं.

यूडीआयडी कार्ड हा फक्त पुरावा आहे. त्यातून कुठलीही योजना सुरू होत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये वेगळा, त्याला उत्पन्नाची अट वेगळी. लहानपणी काढलेलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बऱ्याचदा तात्पुरतं असतं आणि मुदत संपल्याचं योजनेच्या खिडकीवरच कळतं. नव्या तपासणीला जाताना एक लक्षात ठेवा: ऑटिझम मोजण्याच्या ‘आयसा’ या भारतीय मोजपट्टीत 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70 गुण आले तर दिव्यांगत्व 40 टक्के धरतात, आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा तोच आहे. नीट बोलणारा, शाळेत गेलेला तरुण अनोळखी खोलीत अर्धा तास शांत बसला तर गुण कमी पडतात. म्हणून झोप, कपडे, एकट्याने बाहेर जाणं, अचानक बदल झाला की काय होतं, हे सगळं तारखांसह लिहून न्या.

एक लाखाचा तो विमा म्हणजे राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा. तो खरोखर उपयोगाचा आहे. आधीपासूनचा आजार आड येत नाही. पण एक लाख ही वर्षाची कमाल मर्यादा आहे आणि तिच्यात वेगवेगळ्या खर्चांच्या स्वतंत्र मर्यादा आहेत. दरवर्षी नूतनीकरण लागतं. आधी खिशातून भरायचं, मग मूळ बिलं पाठवून परत मिळवायचं. बिल हरवलं की पैसे गेले.

‘भावंड बघेल’ हे यातलं सगळ्यात महागडं वाक्य. घर भावाला बक्षीसपत्राने दिलं की ते पूर्णपणे त्याचं होतं. त्याचं कर्ज, घटस्फोट किंवा मृत्यू झाला तर ऑटिझम असलेल्या भावंडाचा त्या घरावर हक्क उरत नाही. त्याऐवजी मृत्युपत्रातून खासगी न्यास (ट्रस्ट) करता येतो, म्हणजे घर विश्वस्तांनी त्याच्यासाठी सांभाळायचं: किमान दोन विश्वस्त, त्यांच्यानंतर कोण हे लिहिलेलं, राहण्याचा हक्क स्पष्ट, दोन साक्षीदार. सरकारी नोकरदारांनी आणखी एक गोष्ट हयातीतच करावी: स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन वयाच्या 25 वर्षांपलीकडे, आयुष्यभर मिळू शकतं; त्याचं नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत आत्ताच नोंदवा. आई-वडील गेल्यावर हे सिद्ध करत बसणं भावंडाच्या माथी येतं.

आणि भावंडाला पैशांबरोबर मुलाच्या सवयींचं एक पानही द्या. औषधांची नावं, डोस आणि वेळा. फिट येते का, किती मिनिटं टिकते. दुखलं की सांगत नाही, दाढ दुखली तर जबड्यावर बुक्क्या मारतो. प्रेशर कुकरची शिट्टी सहन होत नाही. ताट ठरलेलं, भात आणि वरण वेगळं वाढायचं. नवा माणूस पहिल्या दिवशी चुकतो तो अशाच गोष्टींत, मग मुलालाच ‘हिंसक’ म्हणून नोंदवलं जातं. त्या पानावर तारीख टाका आणि दर सहा महिन्यांनी ते पुन्हा लिहा.

शेवटी ‘सरकारने सगळं दिलंय’ हा दावा. कागदावर बरंच आहे: राष्ट्रीय न्यासाची दिवसभराच्या देखभालीसाठी ‘विकास’, प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ या योजना. पण विशेष शाळा 18 ला सुटते आणि तालुक्याच्या गावी पुढे काहीच नसतं. मुलगा घरी बसतो, रात्रीची झोप उडते, वजन वाढतं, घरातलं कोणीतरी नोकरी सोडतं. निराधार दिव्यांग मुलांना 18 नंतरही आश्रमात राहू द्यावं, ही मागणी अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं लावून धरत आले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरी आई-वडील असलेल्या प्रौढांसाठी तेवढ्या नेटाने मागणी झालेली दिसत नाही.

ती करायची तर गावापासून करा. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. माहिती अधिकारात 10 रुपये भरून तीन गोष्टी विचारा: मागच्या तीन वर्षांत हा निधी किती होता, कशावर खर्च झाला, 18 वर्षांवरील ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या किती जणांना त्यातून काय मिळालं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. उत्तरात वस्तूवाटपाचीच यादी आली, तर ती जोडून दिवसकेंद्रासाठी खोली, एक प्रशिक्षित शिक्षक आणि ने-आण यांची मागणी ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी आश्वासनावर उठू नका.