‘क्रीमने चेहरा बिघडला तर काहीच करता येत नाही’ या संदेशाचा प्रतिवाद

लग्नसराई जवळ आली की नागपुरातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : क्रीम, ब्लीच किंवा हेअर डायमुळे चेहरा भाजला तर कोर्टकचेरीच्या नादी लागू नका. पक्के बिल नसेल तर तक्रार घेतच नाहीत. डब्यावर ‘आधी चाचणी करा’ असे छापलेले असल्यामुळे कंपनी सुटते. दावा कंपनीच्या गावी, म्हणजे मुंबई-दिल्लीला जाऊन करावा लागतो. फार तर क्रीमचे दोनशे रुपये परत मिळतात. ट्यूब फेका, डॉक्टरकडे जा आणि विसरा.

डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला सोडला, तर यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही. सर्वांत घातक मात्र ‘ट्यूब फेका’ हे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला आणि त्यात उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईच्या जबाबदारीचे, स्वतंत्र प्रकरण आले. त्यातील कलम ८४ नुसार निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या निकषांपासून फारकत, दिलेल्या हमीशी विसंगती, किंवा योग्य वापराच्या सूचना व इशारे अपुरे असणे, यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली तरी उत्पादक भरपाईस जबाबदार ठरतो. कारखान्यात कोणी हलगर्जीपणा केला हे तक्रारदाराने शोधत बसायचे नसते. वस्तूत दोष होता आणि त्याच वस्तूमुळे इजा झाली, हे मात्र त्याला दाखवावे लागते, आणि त्याचा मुख्य पुरावा त्या अर्धवट वापरलेल्या ट्यूबमध्येच असतो. तिच्यावर किंवा तिच्या खोक्यावर बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक असतो. आतला माल कलम ३८ नुसार ग्राहक आयोग (जिथे ही तक्रार चालते) मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्या तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून ट्यूब खोक्यासह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवावी. नागपूरच्या मे महिन्यात कपाटातली क्रीम वितळून फाटली, की दोष मुळातला होता की उन्हाळ्याचा, हा वाद समोरच्या वकिलाला आयताच मिळतो. शक्य असल्यास त्याच बॅचचा न उघडलेला दुसरा नग पक्के बिल घेऊन विकत घ्यावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार खरेदीदाराला ठरलेले शुल्क भरून प्रसाधनाचा नमुना शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. कंपनीकडे तक्रार केल्यावर ‘ट्यूब कुरिअरने पाठवा, पैसे परत देतो’ असा गोड फोन आला, तर हातातला एकमेव नग पाठवू नये आणि ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशा मजकुरावर न वाचता सही करू नये.

डॉक्टरकडे जातानाही ट्यूब सोबत न्यावी. नागपुरातील मेडिकल, मेयो या शासकीय रुग्णालयांच्या किंवा मिहानमधील एम्सच्या त्वचारोग विभागात गेल्यावर वस्तूचे नाव, वापर सुरू केल्याची तारीख आणि लक्षणे केसपेपरवर लिहून देण्याची विनंती करावी. नुसते ‘डर्मटायटिस’ (त्वचेचा दाह) एवढेच लिहिलेला कागद आयोगासमोर फारसा उपयोगी पडत नाही. संशयित रसायने पाठीवर ४८ तास चिकटवून डॉक्टर जी पॅच टेस्ट करतात, तिच्यातून ॲलर्जी नेमक्या कोणत्या घटकाची आहे हे कळू शकते.

बिलाचा मुद्दा थोडक्यात उरकता येतो. वस्तू मोबदला देऊन घेतली होती हे दाखवावे लागते, पण त्यासाठी पक्के बिल हाच एकमेव पुरावा नाही. यूपीआयची नोंद, ऑनलाइन ऑर्डरचा ईमेल, पार्लरच्या भेटीच्या वेळेचे संदेश, हे सर्व मांडता येते. बर्डीवरचा किंवा इतवारीतला दुकानदार बिल देत नसेल, तर बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ट्यूब आईने आणली आणि इजा मुलीला झाली तरीही अडत नाही, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच असते.

छापील इशाऱ्याचे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते लोकांना पटते. केसांच्या रंगातील पीपीडी या रसायनाची काहींना तीव्र ॲलर्जी होते. त्यामुळे रंगाच्या डब्यावर इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही इशारा छापण्याचे आणि कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास वाट पाहण्याची चाचणी सांगण्याचे बंधन आहे. इशारा स्पष्ट असताना ती चाचणी केलीच नाही, किंवा डोक्याचा रंग भुवयांना लावला, तर कलम ८७ मधील गैरवापराचा बचाव कंपनीला मिळू शकतो. कायद्याने मान्य असलेल्या घटकाची एखाद्याला ॲलर्जी झाली, एवढ्यावरून वस्तू सदोष ठरत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु इशारा ज्या धोक्याबद्दल दिला आहे, त्याच धोक्यापुरता तो उपयोगी पडतो. ‘आधी चाचणी करा’ या तीन शब्दांनी क्रीममध्ये पारा घालण्याचा परवाना मिळत नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दशलक्ष भागांत ७० भाग आणि इतर प्रसाधनांत नकळत राहिलेला केवळ १ भाग, एवढ्याच पाऱ्याला मुभा आहे. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा विकार आढळला होता आणि आपल्या विदर्भात अकोल्यातूनही तशी बातमी आली होती. अशी इजा कानामागे एक दिवस क्रीम लावून कोणाला कळणार? काळ्या मेहंदीच्या कोनांची तऱ्हा आणखी वेगळी : त्यात पीपीडी असू शकते, पण कोनावर ना घटकांची यादी, ना उत्पादकाचे नाव. उत्पादकाची ओळखच पटत नसेल, तर कलम ८६ नुसार विक्रेत्याला जबाबदार धरता येते.

स्टेरॉइडचे प्रकरण मात्र वेगळे काढून पाहावे लागते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडे औषधे आहेत, प्रसाधने नव्हेत. प्रसाधन म्हणून विकलेल्या डबीत ती लपवून घातली असतील तर दोष उघड आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करावी. पण शेजारणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, ‘शेड्यूल एच’ (म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचे औषध) असे छापलेली ट्यूब महिनोन्‌महिने चोळली असेल, तर उत्पादकाविरुद्धचा दावा दुबळा होतो. तिथे प्रश्न चिठ्ठीशिवाय औषध विकणाऱ्या दुकानदाराचा असतो.

मुंबई-दिल्लीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. नागपूरकराला जिल्हा आयोग असलेल्या सिव्हिल लाइन्सपलीकडे जाण्याची गरज नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. अपिलाची वेळ आली तरी राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ नागपुरातच बसते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क शून्य आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही. हवाच असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

राहिले दोनशे रुपये. उत्पादन दायित्वातील ‘हानी’च्या व्याख्येत शारीरिक इजा, आजार आणि त्यातून होणारा मानसिक त्रास येतो, तर वस्तूचे स्वतःचे नुकसान त्या व्याख्येतून वगळलेले आहे. म्हणजे संदेशात जेवढेच मिळते असे म्हटले आहे, तेवढेच नेमके या दायित्वाच्या बाहेर आहे. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी किंवा पगार, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागता येतो, मात्र प्रत्येक रकमेमागे कागद लागतो. अमेरिकेतील ज्यूरींच्या कोट्यवधींच्या आकड्यांशी तुलना करू नये. प्रकरण तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ लागतो. आदेश होऊनही कंपनीने पैसे दिले नाहीत, तर कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैदेची किंवा किमान २५ हजार रुपये दंडाची, किंवा दोन्हींची तरतूद आहे.

तक्रारीची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. पण चेहऱ्यावरचे डाग आपोआप जातील म्हणून थांबलो, हे कारण पुरेसे मानले जाईलच असे गृहीत धरू नये.