इम्युनिटी वाढवायचीय? आधी थायमसला आवरा

तुम्ही गुळवेलीचा काढा घेता, अनशापोटी हळदीचं पाणी पिता, आणि डब्यावर ‘इम्युनिटी बूस्टर’ छापलेलं दिसलं की किंमत न बघता उचलता. उत्तम. पण छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, एक ग्रंथी लहानपणापासून तुमच्या या सगळ्या मेहनतीवर बोळा फिरवत आलीय, तिचं काय? नाव थायमस. तिचा बंदोबस्त होईपर्यंत पुढचा डबा आणू नका.

कारभार तरी बघा तिचा. अस्थिमज्जेतून कोवळ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या होऊ घातलेल्या शिपाई-पेशी, येतात आणि प्रत्येक पेशी आपला रिसेप्टर, म्हणजे समोरचं ओळखून चिकटणारा रेणू, स्वतः जुळवते: जनुकांचे तुकडे कापायचे, हाताला लागतील तसे जोडायचे, सांध्यावर दोन-चार अक्षरं पदरची घालायची. मग परीक्षा. थायमसच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एमएचसी नावाच्या रेणूंवर तुमच्याच प्रथिनांचे तुकडे ठेवून समोर धरतात. या वेळी उमेदवाराच्या अंगावर सीडी4 आणि सीडी8 हे दोन्ही मदतनीस रेणू असतात. रिसेप्टर पहिल्या वर्गाच्या एमएचसीला हलकासा चिकटला तर पेशी सीडी8 ठेवते, दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीला चिकटला तर सीडी4. कशालाच चिकटला नाही, तर तीन-चार दिवसांत खेळ खलास. तिला कोणी मारत नाही, फक्त जग म्हणून कोणी सांगत नाही. आणि जी कडकडून मिठी मारते, जिचा हुरूप सगळ्यात दांडगा, तिला बहुतेक वेळा थेट आत्मघाताचा हुकूम! शंभरातल्या जेमतेम दोन-पाच बाहेर पडतात. आपल्या दहावीचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर लागतो, आणि इथे गुणवत्ता यादीतल्यांनाच आधी संपवतात.

तेव्हा ग्रंथीच काढून टाकावी का? जॅक मिलर यांनी 1961 मध्ये लंडनला नवजात उंदरांवर हे करून पाहिलं. उंदरांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) घटल्या, परक्या जातकुळीच्या उंदराची कातडी लावली तरी ती त्यांनी गुमान ठेवून घेतली, आणि पुढे आजारी पडून बरेचसे मेले. एवढा सोशिकपणा तुम्हाला परवडणार नाही. पुढे चला.

दुसरा मार्ग जरा लबाडीचा: परीक्षक तसाच ठेवा, रिसेप्टरचा आवाज बारीक करा. रिसेप्टरला काही लागलं ही बातमी पेशीच्या आत पोचवायला झॅप-70 नावाचं प्रथिन लागतं. तेव्हा क्योटोत असलेल्या शिमोन साकागुची यांच्या उंदरांच्या एका वंशात ते आपसूकच बिघडलं होतं. पेशी स्वतःच्याच ऊतींना घट्ट धरत होत्या, पण थायमसपर्यंत आवाज पोचायचा तो ‘जरासं चिकटलंय’ एवढाच. झाल्या पास! बाहेर येऊन त्यांनी उंदरांचे सांधे सुजवले. याला म्हणतात कर्तबगारी. (साकागुचींना 2025 चं नोबेल मिळालं, पण ते प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी-पेशींसाठी. म्हणजे नोबेलवालेही तुमच्या विरोधातच.)

माझा खरा सल्ला मात्र तिसरा: ‘एअर’ला नोकरीवरून काढा. बाहेरच्या थरातून सुटलेल्या पेशीच्या अंगावर सीसीआर7 हा रिसेप्टर येतो आणि तो तिला ओढत आतल्या गाभ्यात नेतो. तिथे हे एअर नावाचं प्रथिन गाभ्यातल्या पेशींना नसते उद्योग करायला लावतं. स्वादुपिंडाचं इन्सुलिन, थायरॉइडची प्रथिनं, डोळ्याच्या पडद्यातली प्रथिनं, सगळ्याची थोडी-थोडी वानगी छातीत बसून तयार होते. कशाला? तर नव्या पेशीला दाखवायला. जी त्यावर धावून जाईल ती बाद, नाहीतर तिला पोलीस करून पाठवायचं, लढायला नाही.

आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, एअरच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली माणसं खरोखर आहेत. फिनलंड आणि सार्डिनियात इतर ठिकाणांपेक्षा जास्त. आजाराचं नाव एपीएस-1. या लोकांच्या पेशी कशालाच भीत नाहीत. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींवर जातात आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं, हातापायांना पेटके येतात. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी निकामी करतात. तुमच्या स्वप्नातली इम्युनिटी ती हीच, कोणताही डबा न घेता. एवढं करून लहानपणापासून तोंडात बुरशीचा पांढरा थर मात्र हटत नाही, कारण बुरशीशी लढायला लागणाऱ्या इंटरल्यूकिन-17 विरुद्धही यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. विषाणूंना थोपवणाऱ्या इंटरफेरॉनविरुद्ध तर हमखास.

ही दुसरी प्रतिपिंडं एअर शाबूत असलेल्या माणसांतही सापडतात. 2020 मध्ये करोनाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा साधारण दहातल्या एकाच्या रक्तात ती निघाली. बहुतेक जण पुरुष, आणि त्यांतले बरेच उतारवयातले. विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन त्यांच्याच प्रतिकारशक्तीने आधी निकामी करून ठेवलं होतं.

तर पुढच्या वेळी दुकानात एवढंच विचारा: चमचाभर घेतल्यावर नेमक्या कोणत्या पेशी वाढणार, पास झालेल्या की बाद केलेल्या? दुकानदार डबा उलटून मागचं बारीक अक्षर वाचायला लागेल. तोवर सुट्टे पैसे काढून ठेवा.