उठवणारा कागद वेगळाच आहे: कस्तुरीरंगन अहवालावरच्या मेसेजला उत्तर

गणपतीला जांबोटीकडच्या मामांच्या घरी गेलो होतो. मामांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पेटीतले जुने उतारे पलंगावर पसरलेले होते, काहींच्या घड्या पडून अक्षरं पुसली होती. हातातला मोबाईल पुढे करून ते म्हणाले, "हे वाचून सोड बघू एकदा. काजू आमचं राहतंय की नाही, तेवढंच सांग."

मोबाईलवर तोच मेसेज होता. आमच्या भागातल्या बहुतेक ग्रुपांवर तो येऊन गेलाय. थोडक्यात असा: कस्तुरीरंगन अहवाल लागू झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची गावं उठवणार. घर बांधता येणार नाही, शेती आणि काजू बंद. मराठी गावं मुद्दाम यादीत घातली आहेत. कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं अहवाल फेटाळला म्हणून आपण वाचलो, मंत्र्यांचे आभार माना.

कस्तुरीरंगन अहवाल म्हणजे पश्चिम घाट वाचवण्यासाठी केंद्राच्या समितीनं दिलेला अहवाल. त्याच्या आधारे घाटातल्या गावांची यादी करून तो भाग संवेदनशील जाहीर करायचा केंद्राचा मसुदा आहे. मामांना तिथल्या तिथे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. इथे नीट लिहितो, कारण ही भीती खरी आहे आणि ती चुकीच्या कागदाकडे वळवली जातेय.

"गावं उठवणार." केंद्राच्या मसुदा अधिसूचनेत गाव उठवण्याचं एकही कलम नाही. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात बंदी कशावर आहे? नव्या खाणी, दगडाच्या खाणी आणि वाळूउपसा. चालू असलेल्या खाणी पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, यातलं जे आधी येईल तेव्हा बंद. नवे औष्णिक वीज प्रकल्प. 'लाल' वर्गातले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे नवे कारखाने. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं आणि मोठ्या टाउनशिप. बंदीची यादी एवढ्यात संपते. यात मामांचा काजू कुठे बसतो? खडी क्रशरवाल्याला, चिऱ्याच्या खाणवाल्याला आणि घाटात रिसॉर्टची वसाहत उभी करायला निघालेल्याला मात्र या यादीची धास्ती वाटायलाच हवी.

तरीही खानापूर तालुक्यात गाव उठतंय, हे खोटं नाही. म्हणूनच मेसेज पटतो. ते उठतंय भीमगड अभयारण्यामुळे. डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य वन्यजीव कायद्याखाली येतं. कस्तुरीरंगन अहवाल आला एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे त्यानंतर. अभयारण्याच्या आतली गावं आपल्याला माहीत आहेत: तळेवाडी, गवाळी, आमगाव, देगाव, कोंगळा, कृष्णापूर. पावसाळ्यात तिथून आजारी माणसाला खाटेवर घालून, खांद्यावरून, ओढे पार करत बाहेर आणावं लागतं. रस्ता मागितला की जंगलाचा कायदा दाखवला जातो. मग एके दिवशी पैसे घेऊन बाहेर या म्हणून सांगतात. तळेवाडीच्या कुटुंबांसाठी १५ लाखांच्या पुनर्वसनाची योजना आली, आणि वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी २०२५ मध्ये पहिल्या हप्त्याचे चेक स्वतः वाटले. कुणी मनापासून जात असेल तर त्याला नाव ठेवणार नाही. चार महिने वाट बंद असलेल्या गावात म्हातारी आई सांभाळणं काय असतं, ते बाहेर बसून बोलणाऱ्याला कळत नाही. पण रस्ता न देता 'स्वेच्छेनं चला' म्हणणं, याला मी स्वेच्छा म्हणणार नाही.

म्हणजे ज्या सरकारनं कस्तुरीरंगन अहवाल फेटाळला, त्याच सरकारच्या खात्यानं तळेवाडीचं पुनर्वसन हाती घेतलं. अहवाल फेटाळल्यानं तळेवाडीला काय मिळालं?

आणि त्या गावांच्या हातात जे हत्यार आहे ते मेसेजमध्ये कुठेच नाही. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की हक्कांची पडताळणी आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय जंगलात राहणाऱ्या हक्कदाराला हलवता येत नाही. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. ते अवघड आहे, पण तिथे जुने उतारे, घरपट्टीच्या पावत्या, देवळाच्या नोंदी कामाला येतात. मामांनी पेटीतून काढलेल्या कागदांचा खरा उपयोग हा आहे.

"घर, शेती, काजू बंद." राहत्या घराची दुरुस्ती, वाढ आणि नूतनीकरण यांवर बंधन नाही, असं मसुद्यात स्पष्ट लिहिलंय. शेती आणि बागायतीवर बंदी नाही. यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर आणखी एक गोष्ट सांगतो. केंद्रानं १३ नोव्हेंबर २०१३ ला पर्यावरण कायद्याच्या पाचव्या कलमाखाली निर्देश काढून साधारण वर सांगितलेल्या खाणी-कारखान्यांसारख्याच गोष्टींवर घाटातल्या यादीतल्या गावांमध्ये बंदी घातली. म्हणजे 'लागू झाला तर' म्हणून ज्याची भीती घातली जाते, त्यातला मोठा भाग दहा वर्षांहून जास्त काळ लागूच आहे. या काळात आपल्याकडे भात लावला गेला, नाचणा पिकला, काजूच्या बिया विकल्या गेल्या, पत्र्याच्या घरांवर स्लॅब टाकले गेले. या अहवालामुळे कुणाचं शिवार गेलं, असं एक गाव मला मेसेज पाठवणाऱ्यानं दाखवावं.

अडचण नाहीच असं म्हणत नाही. मधल्या, 'नारंगी' वर्गातले उद्योग अटींवर चालतील. त्या अटी कोण ठरवणार आणि छोट्या काजू कारखान्याला त्यांचा त्रास होणार का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

"मराठी गावं मुद्दाम घातली." सीमाभागात राहून हा संशय का येतो हे मला कुणी समजावायला नको. बसच्या पाटीपासून उताऱ्यापर्यंत आपण ते रोज सोसतो. पण इथे तो लागू पडत नाही. गावं निवडली उपग्रहाच्या नकाशावरून, नैसर्गिक जंगलाचा हिस्सा बघून. यादीत गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सहा राज्यं आहेत. कर्नाटकात कोडगू, शिमोगा, उडुपी, उत्तर कन्नड आहेत. पलीकडे चंदगड आणि आजरा तालुक्यांतली गावंही आहेत. आपल्या भाषेवरचा खरा अन्याय दुसरीकडे आहे: हा मसुदा आपल्या ग्रामसभेत कुणी मराठीत वाचून दाखवला नाही. हरकतींसाठी ६० दिवस होते. ते दिवस अफवेत गेले.

"मंत्रिमंडळानं फेटाळला, आपण वाचलो." २६ सप्टेंबर २०२४ ला कर्नाटक मंत्रिमंडळानं अहवाल फेटाळला आणि कायदामंत्री एच. के. पाटील यांनी तो निर्णय जाहीर केला, हे खरं. पण अधिसूचना निघते ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, आणि तो अधिकार केंद्राचा. राज्य हरकत घेऊ शकतं, रद्द करू शकत नाही. केरळच्या महापुरानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं मसुद्यातलं क्षेत्र कमी करू नका असंही बजावलंय.

यात एका पक्षाला धरून दुसऱ्याला सोडण्यासारखं काही नाही. पहिला मसुदा १० मार्च २०१४ ला, युपीए सरकार असताना निघाला, आणि २०२४ चा सहावा. बंगळूरमध्ये सरकारं बदलली, नकार तोच राहिला. गावं वगळा म्हणून महाराष्ट्र आणि गोवाही मागे लागलेत.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळली. ३० जुलैला वायनाडात गावं गाडली गेली. त्यानंतर खंड्रे यांनीच घाटातली २०१५ नंतरची अतिक्रमणं काढा असे आदेश दिले, आणि दोन महिन्यांत मंत्रिमंडळानं अहवाल फेटाळला. मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगवते. तिच्यात म्हादईच्या कळसा-बंडुरी नाल्यांचं ३.९ टीएमसी पाणी वळवायचं म्हणून हेच मंत्री दिल्लीला फेऱ्या घालतात. ते पाणी ज्या डोंगरात मुरतं, तो डोंगर फोडायला बंदी नको, असं एकाच तोंडानं कसं म्हणता येतं? ऑगस्ट २०१९ मध्ये याच मलप्रभेनं खानापूरपासून रामदुर्गपर्यंत काय केलं, ते चिखल उपसणाऱ्यांना विचारा.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग आमदाराला काय विचारू?" मी त्यांना दोन गोष्टी लिहून दिल्या. मसुदा मराठीत छापून प्रत्येक ग्रामसभेत वाचा. आणि भीमगडच्या आतल्या गावांचे वनहक्काचे किती दावे आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत, त्याची गाववार यादी डिसेंबरच्या बेळगावातल्या अधिवेशनात मागा. मामांनी तो कागद उताऱ्यांबरोबर पेटीत ठेवला.