वीस दिवसांचा पंचनामा

मुलीला शाळेतून प्रकल्प मिळाला. घरातल्या कुठल्याही गोष्टीची वीस दिवस नोंद ठेवा, सारणी करा, आलेख काढा. विषय तिने मला न विचारताच निवडला: गजर वाजल्यापासून बाबांचे पाय जमिनीला लागेपर्यंतची मिनिटं. वीस दिवस ही कार्टी रोज सकाळी वही घेऊन उशाशी उभी राहायची आणि मला वाटायचं, पोरगी प्रेमाने उठवायला येतेय.

नोंदी अशा होत्या: १२, १८, ७, २५, १८, ३१, १५, २२, १८, ९, २७, १४, २०, १८, ९५, २३, ११, १६, २९, १२.

अशा विस्कटलेल्या असताना त्या मला मुळीच आक्षेपार्ह वाटल्या नाहीत. पण चढत्या क्रमाने लावल्यावर सगळे आकडे ७ ते ३१ मध्ये गुण्यागोविंदाने बसले आणि ९५ एकटाच लांब जाऊन उभा राहिला. तो पंधरावा दिवस, रविवार.

"सरासरी २२," मुलगी म्हणाली. बेरीज ४४०, भागिले २०. मी पुन्हा करून पाहिली. हिशोब बरोबरच होता, हीच तर पंचाईत.

"एका रविवारावरून माणसाची किंमत करू नये," मी म्हटलं. "तो ९५ काढ. सरासरी १८ वर येते की नाही बघ."

"आली. पण का काढला असं बाईंनी विचारलं तर?"

मोजण्यात चूक झाली असती तर काढता आला असता. चूक झाली नव्हती, मी झोपलो होतो. मग मला मध्यक आठवला. रांगेतल्या मधल्या दोन आकड्यांची सरासरी, म्हणजे १८. टोकाचा आकडा ९५ असो की ९५०, मध्यक ढिम्म हलत नाही. बहुलकही १८, कारण तो चारदा आला होता. इतका सातत्याचा माणूस आणि त्याला २२ म्हणायचं! शेवटी वहीत तिन्ही लिहायचं ठरलं. २२ ठळक अक्षरांत कोणी लिहिला ते मी सांगत नाही.

मग दहा-दहा मिनिटांचे गट. ताळ्याच्या खुणा करायला मी बसलो: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. बेरीज १९ आली. पुन्हा केली, २१ आली. वीस दिवसांचे एकवीस म्हणजे मी एक सकाळ जास्तीची झोपलो होतो. गुन्हेगार निघाला २० हा आकडा. पहिल्या वेळी तो कुठल्याच गटात नव्हता, दुसऱ्या वेळी दोन्हीकडे. नियमाने २० हा २०-३० मध्ये जातो. मी १०-२० साठी बरीच रदबदली केली, चालली नाही.

संगणकावर पटकन होईल म्हणून तिथे गेलो. एक्सेलमध्ये १०-२० लिहिलं, तर त्याने त्याची २० ऑक्टोबर करून टाकली. यात मी एकटा नाही. मार्च१ नावाचं जनुकही ते तारीख समजायचं. अखेर २०२० साली शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली, एक्सेल काही तेव्हा बदलेना. आम्ही मुकाट्याने आलेख कागदाकडे वळलो.

आधी रोजचा एक असे वीस स्तंभ काढायचं ठरलं. १ सेंमी = ५ मिनिटं धरलं तर रविवारचा स्तंभ १९ सेंटिमीटरचा. मी सुचवलं, १ सेंमी = ५० मिनिटं धरू. बाराचा स्तंभ जेमतेम अडीच मिलिमीटर भरला.

"बाबा, हे तर सगळे झोपलेत!"

स्तंभालेख विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये छापला. स्कॉटलंडच्या व्यापाराची एकाच वर्षाची आकडेवारी हाताशी होती, रेषा ओढायला पुढची-मागची वर्षंच नव्हती, म्हणून त्याने देशागणिक पट्ट्या काढल्या. अपुऱ्या माहितीतून त्याने एवढं केलं. माझ्याविरुद्धची माहिती मात्र भरपूर होती.

१८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेखही आणला, तोही करून पाहिला. ३६० अंश भागिले २०, म्हणजे एका दिवसाला १८ अंश. इथेही १८! मला भरून आलं. पण अर्धं वर्तुळ १०-२० नेच व्यापलं आणि रविवार गटांच्या पाच फोडींत शहाण्यासारखा मिसळून गेला. मला हा आलेख फार आवडला, म्हणूनच बहुधा तो नापास झाला.

शेवटी आयतालेख. स्तंभ एकमेकांना चिकटून, उंची म्हणजे त्या गटातले दिवस: २, १०, ६, १. मग ४० ते ९० पर्यंत पाच रिकामी घरं आणि त्यापलीकडे एक बुटका स्तंभ. ती मोकळी जागा नागमोडी खूण करून गाळूया, असं मी म्हटलं. "ती खूण अक्षाच्या सुरुवातीला करतात, मधलं लपवायला नाही," असं उत्तर मिळालं. रंगवताना तिने त्या स्तंभाला लाल रंग दिला.

दुसऱ्या दिवशी गजर वाजला आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. शून्य मिनिटं! उशाशी कोणीच नव्हतं. तिच्या खोलीत जाऊन तिला हलवलं.

"नोंदी परवाच संपल्या, बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली, "झोपू दे ना."

मी परत येऊन पांघरूण ओढलं. किती वाजेपर्यंत, याची नोंद नाही.