पिकदाणी आणि आडवी बाटली

मार्चमध्ये आमच्या मणेराजुरीला बेदाण्याच्या शेडवर कामाला माणूस मिळत नाही, आणि मी इकडे जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये सकाळी साडेदहाला वाइनचा पेला हातात धरून उभी होते. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "सकाळी सकाळी?" आणि दुसरा, "ह्याचा पगार मिळतोय व्हय?" मिळतो. सुकामेवा आणि द्राक्षाचा माल आयात करणाऱ्या कंपनीत मी माल तपासायचं काम करते, आणि यंदा साहेबांनी मला प्रोवाइनला धाडलं. १९९४ साली सुरू झालेलं हे वाइनच्या व्यापाऱ्यांचं प्रदर्शन एरवी मार्चमध्ये तीन दिवस भरतं. साठहून अधिक देशांतले लोक आपापल्या बाटल्या घेऊन येतात. हौशी गिऱ्हाइकाला आत घेत नाहीत, व्यापारात असाल तरच पास मिळतो.

तिथली रीत अशी. पेल्यात दोन घोट ओततात. पेला फिरवायचा, नाक खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचं. प्रत्येक टेबलावर पिकदाणी. सूटबूट घातलेली माणसं ओळीनं वाकून थुंकताहेत हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तासगावच्या मार्केट यार्डातले बेदाण्याचे सौदे आठवले. तिथेही व्यापारी बॉक्समध्ये हात घालतो, मूठ भरतो, दोन दाणे तोंडात टाकतो, चावतो आणि मुठीतला उरलेला माल खाली टाकून पुढच्या बॉक्सकडे जातो. सौदा संपला की फरशीवर बेदाण्याचा सडा. या उधळणीवरून शेतकऱ्यांनी किती वर्षं आरडाओरडा केला! चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तेव्हा फरशीवर पडलेली प्रत्येक मूठ म्हणजे चार मुठी द्राक्षं. इथे मात्र ओतणारा थुंकणाऱ्याकडे हसून बघतो. कारण बाटलीवर नाव त्याचं असतं आणि भावही त्यानंच ठरवलेला असतो.

आता चवीबद्दल. माझ्यासारखीनं वाइनवर बोलायचं म्हणजे जरा धीटपणाच, पण द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला नाक असतं एवढं मी म्हणेन. न्यूझीलंडच्या मार्लबरोतली सोव्हिन्यॉन ब्लांक ही पांढरी वाइन नाकाशी नेली आणि थेट आमच्या बागेत जाऊन पोचले. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी वाढल्या की शेंडा खुडतात, तेव्हा बोटांना जो हिरवा, किंचित तिखट वास राहतो, तोच. शेजारी उभा असलेला डच माणूस त्याला 'कापलेलं गवत' म्हणत होता. त्यानं शेंडा खुडलेला नसणार. मोझेल नदीकाठची जुनी रीसलिंग आली तर चक्क रॉकेलचा वास. आजीच्या स्टोव्हचा. मला वाटलं बाटली नासली. ओतणाऱ्या बाईंनी समजावलं की मुरलेल्या रीसलिंगला हा वास येतोच आणि जाणकार त्यासाठीच पैसे मोजतात. जॉर्जियाची वाइन जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात सालीसकट आंबवलेली, रंगानं काळ्या चहासारखी. ती तोंडात गेल्यावर हिरडा चघळल्यासारखी जीभ कोरडी पडली. एका छोट्या टेबलावर आपल्याकडची शिराजही होती. वाईट नव्हती, चांगली मिरीसारखी होती. पण माझ्या आधीच्या दोघांनी कोणत्या गावची, कोणत्या मातीतली असं विचारलं, तर उत्तर मिळालं, "इंडिया".

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती इटलीतल्या वाल्पोलिचेल्लाच्या टेबलावर. तिथली आमारोने नावाची वाइन ताज्या द्राक्षांची नसतेच. तोडलेले घड माळ्यावर, बांबूच्या फळ्यांवर नाहीतर ट्रेमध्ये पसरून तीन-चार महिने वाळवतात, वजन तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहून जास्त घटलं की मग ठेचून आंबवतात. साखर दाटलेली, म्हणून अल्कोहोलही १५-१६ टक्क्यांपर्यंत चढतो. टेबलामागचा माणूस साठीचा असेल. नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याला कात्रीचा घट्टा. त्यानं मोबाइलवर आपला माळा दाखवला. मी माझ्या मोबाइलवर वडलांची, आण्णांची, शेड दाखवली: कप्प्यावर कप्पे, वर जाळी, लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइलमधून काढून पसरलेली द्राक्षं. त्यानं चष्मा वर करून फोटो मोठा केला. "किती दिवस?" मी म्हटलं, बारा ते पंधरा. त्याला खरं वाटेना. मग आमचं ऊन कसं असतं ते मी सांगत बसले आणि माझ्या यादीतली पुढची चार टेबलं राहून गेली.

त्याच्या साध्या बाटलीचा भाव मी घोकून ठेवलाय, पण आण्णांना सांगितलेला नाही.

आता हे सगळं घेऊन मी आपल्याकडच्या त्या जुन्या वादाकडे बघते. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटांत बंद कपाटात वाइन विकता येईल. संजय राऊत म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हे, यात शेतकऱ्याचा फायदा आहे. फडणवीसांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होऊ देणार नाही अशी गर्जना केली. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. पाच महिन्यांत सरकार बदललं आणि विषय बासनात गेला. पण अजूनही सांगलीला गेले की कुणी ना कुणी मला विचारतंच, "तुमच्याकडं तर किराणा दुकानात मिळती म्हणं?"

मिळते. दुधाच्या पलीकडच्या रांगेत. पण म्हणून 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे काही मला पटलेलं नाही. इथे प्रत्येक बाटलीवर अल्कोहोलचा टक्का छापलेला असतो आणि तो लपवावा असं कुणाला वाटत नाही. ती दारूच आहे, चांगली दारू आहे, जपून प्यावी. जर्मनीत साध्या वाइनवर अबकारी कर शून्य, आणि फसफसणाऱ्या वाइनवर मात्र कर आहे. तो १९०२ साली कैसरनं, म्हणजे तेव्हाच्या जर्मन बादशहानं, आरमारासाठी बसवला. कैसर गेला, आरमार बुडालं, कर चालूच आहे. शहाणपण फक्त याच देशात पिकतं असं समजू नये. सोमवारी सकाळी स्टेशनवर बाकाखाली झोपलेला माणूस इथेही दिसतो.

मला जास्त खटकतो तो शेतकऱ्याचा मुद्दा. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यातला शेतकरी पिकवतो ती थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश, म्हणजे खायची नाहीतर बेदाण्याची द्राक्षं. वाइनची जात निराळी: दाणा हरभऱ्याएवढा, साल जाड, आत बिया. किराणा दुकानात वाइन ठेवली म्हणून सोनाकाला गिऱ्हाईक मिळत नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात नाशिकला विंचूर आणि आमच्याकडे पलूस, अशी दोन वाइन पार्क ठरली. विंचूरचं नाव झालं. पलूसचं काय झालं ते तिथून जाणाऱ्या एसटीतल्या कुठल्याही प्रवाशाला विचारा.

माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, २००६ च्या सुमारास एक एकर शिराज, म्हणजे वाइनची द्राक्षं, लावली होती. एका कंपनीनं करार केला होता, पेपरात छापून येईल असा भाव सांगितला होता. पहिल्या वर्षी गाडी आली. दुसऱ्या वर्षी आज येते, उद्या येते करत घड वेलीवर सुकायला लागले. तात्या एक पाटी भरून बाजारात घेऊन गेले तर बाया दाणा तोंडात टाकून थुंकायला लागल्या. बी लागतंय म्हणाल्या. बेदाणा करावा तर त्यातही बीच. शेवटी शेळ्या सोडल्या बागेत. तात्या त्या वर्षी एक वाक्य सारखं म्हणायचे, "ज्या मालाला एकच गिऱ्हाईक, तो माल आपला न्हवंच." तारांच्या मांडवाचं कर्ज त्यानंतर सात वर्षं फेडत होते. कुणी 'वाइनमुळं शेतकऱ्याचा फायदा' म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे त्या शेळ्या येतात.

आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही मी सरसकट मागास म्हणणार नाही, जसं परदेशात बसून म्हणायची फॅशन आहे. माझ्या मावशीच्या गावात बाटलीचं मतदान झालं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो, नुसत्या आलेल्या मतांच्या निम्म्या चालत नाहीत. म्हणून घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. मावशी ताप अंगात असताना टेंपोत बसून गेली होती. त्या बायकांचं भांडण देशी दारूच्या दुकानाशी होतं, नवरा हजेरीचे पैसे जिथे ठेवून येतो त्या दुकानाशी. त्यांना वाइनच्या कपाटाची भीती वाटली तर ती त्या अनुभवातून आलेली आहे. गंमत म्हणजे इथे बाटली आडवीच ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "मग शानी हाईत की तिथली माणसं."

इथल्या शेतकऱ्याचं सगळं गोड चाललंय असंही नाही. मोझेलच्या काही उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही, सगळं हातानं, आणि पोरं म्हणतात आम्ही बँकेत जातो. त्या बाई मला हेच सांगत होत्या, रॉकेलवाल्या. सुपरमार्केटमधल्या तीन युरोच्या बाटलीनं आमचं कंबरडं मोडलं म्हणाल्या. म्हणजे आपण ज्या कपाटासाठी भांडतोय त्या कपाटानं इथल्या लहान बागाईतदाराला वाचवलेलं नाही. त्याला थोडंफार वाचवतंय ते लेबलवरचं गाव, उताराचं नाव, त्याचं स्वतःचं नाव.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी रोज बेदाणा तपासते. माझ्या टेबलावर येणाऱ्या बॉक्सवर तुर्कस्तान असतं, दक्षिण आफ्रिका असतं, कधी भारत असतं. तासगाव मी अजून वाचलेलं नाही. किराणा दुकानातल्या वाइनवरून विधानसभेत जेवढा आवाज झाला, त्याच्या चौथाई आवाज या एका शब्दासाठी झाला असता तर मला मंत्रिमंडळाचं कौतुक वाटलं असतं. माळ्यावरची वाळलेली द्राक्षं तिकडे गावाच्या नावानं विकली जातात आणि त्याच्या आठव्या हिश्शाच्या वेळात वाळणारी आमची १५ किलोच्या बिननावाच्या बॉक्समध्ये कोल्ड स्टोरेजला पडून राहतात. यात दारूचा प्रश्न येतोच कुठे?

त्या इटालियन माळ्याचा फोटो मी आण्णांना पाठवला. रात्री फोन आला. ते शेडवरच होते, मागे पंख्यांचा आवाज. म्हणाले, जाळी दिसत नाही, अवकाळी आला तर काय करत्यात? मी म्हटलं, आण्णा, ती पक्की इमारत आहे, वरचा मजला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. फोटो परत उघडून बघत असावेत.

"एवढी बिल्डिंग नुसत्या द्राक्षासाठनं?" मग म्हणाले, "ह्यास्नी कर्ज कोण देतंय, तेवढं इचार की त्याला."