आत काही नाहीये, मान्य. पण बाहेरून बघितलंत का?

परवा ओळखीतलं एक जोडपं इटली करून आलं. सगळं सांगून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "बाकी सगळं छान हो, पण ते मोंतेरिज्जोनी का काय, तिथे कशाला नेलं तेच कळलं नाही. एक चौक, एक चर्च, चार दुकानं. आईस्क्रीम खाल्लं आणि आलो." मी काही बोलले नाही, कारण एक तर तोंडात बिस्किट होतं आणि दुसरं म्हणजे पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा मी घरी येऊन शब्दन् शब्द हेच बोलले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोंतेरिज्जोनी हे इटलीतल्या टस्कनीमधलं टेकडीवरचं एक एवढुसं गाव. गाव म्हणजे काय तर एक गोल तट, त्याला ठराविक अंतरावर चौदा चौकोनी बुरूज, दोन दरवाजे आणि त्या दोन दरवाजांना जोडणारा एक जवळजवळ सरळ रस्ता, संपलं. तटाचा पूर्ण घेर ५७० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे सकाळी फिरायला जाणारा माणूस सहा-सात मिनिटांत प्रदक्षिणा घालून येईल. आत कायमची राहणारी माणसं शंभरसुद्धा नाहीत. आणि हे सगळं आठशे वर्षं जुनं आहे, १२१३ ते १२१९ मध्ये बांधलेलं.

तर पहिल्या वेळेला आम्ही एका टूरबरोबर गेलो होतो (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही). बस टेकडीवरच्या पार्किंगमध्ये लागली, टूर मॅनेजर माइकवर म्हणाला "चाळीस मिनिटं, वॉशरूम धरून". वॉशरूम धरून!! चाळीसातली पंधरा तर त्या रांगेतच गेली. मग दरवाजातून आत, चौकात, त्या विहिरीपाशी ग्रुप फोटो, चर्चमध्ये डोकावलं तर तेही अगदी साधं, ना रंगवलेलं छत ना काही, दुकानात चामड्याच्या पर्सची किंमत बघून हळूच परत ठेवली, आणि बस. मला आठवतंय मी नवऱ्याला म्हटलं होतं, अहो एवढा गाजावाजा कशाचा आहे नक्की?

आता मला जे म्हणायचंय ते म्हणते. हे गाव आतून बघायचं गावच नाही. ते बाहेरून बघायला बांधलंय, आणि तेही शत्रूने खालून बघावं म्हणून. आपण बसमधून थेट दरवाजाशी उतरतो, म्हणजे सिनेमाला इंटरव्हलनंतर जाऊन बसतो आणि मग म्हणतो की स्टोरीच नव्हती.

थोडं मागचं सांगते म्हणजे लक्षात येईल. सिएना आणि फ्लोरेन्स ही दोन शहरं म्हणजे त्या काळी दोन स्वतंत्र राज्यंच, आणि दोघांचं पिढ्यान् पिढ्या हाडवैर. दोघांच्या मधून जुना रोमन रस्ता जातो, व्हिया कॅसिया. तो रस्ता ज्याच्या ताब्यात त्याचा व्यापार आणि त्याचंच सैन्य मोकळं. सिएनावाल्यांनी काय केलं, त्या रस्त्याच्या उरावर असलेली एक टेकडी हेरली आणि सहा वर्षांत तिच्यावर तट चढवून मोकळे झाले. म्हणजे हे मुळात गाव नव्हेच, ठाणं आहे. सरहद्दीवरची चौकी. आत शिबंदी, थोडी घरं, विहीर, देवाचं एक घर आणि बाकी मोकळी जागा. आज आपण जिथे बाकावर बसून "किती शांत आहे ना" म्हणतो त्या घरांमागच्या बागा वेढा पडला की खायला भाजीपाला हवा म्हणून राखलेल्या होत्या. मग आत "बघण्यासारखं" असणार काय? चौकीच्या आत काय बघतात?

आणि दांतेचं बघा. दांते हा फ्लोरेन्सचा कवी, म्हणजे शत्रुपक्षाचा माणूस, आणि त्याने त्याच्या डिव्हाइन कॉमेडी या महाकाव्यात, नरकाच्या भागात, एकतिसाव्या सर्गात, याच तटाची उपमा दिलीय. नरकाच्या तळाशी जायच्या आधी त्याला अंधुक उजेडात लांबून उंच बुरूज दिसतात, आणि जवळ गेल्यावर कळतं की ते बुरूज नाहीत, खड्ड्याच्या कडेने बेंबीपर्यंत रुतून उभे असलेले राक्षस आहेत, मोंतेरिज्जोनीच्या गोल तटावर बुरुजांचा मुकुट असावा तसे. आता मला सांगा, यात चौक आहे का? चर्च आहे का? त्यानेसुद्धा जे लिहिलं ते लांबून, खालून, धुक्यातून दिसलेलं लिहिलं. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं ते आपल्या चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमात बसत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ठरवून चालत गेलो. ऑक्टोबर महिना, मी, नवरा आणि सोळा वर्षांचा भाचा. भाच्याचा इंटरेस्ट वेगळाच होता, तो असॅसिन्स क्रीड नावाचा व्हिडिओ गेम खेळतो आणि त्याच्या दुसऱ्या भागात हे गाव म्हणजे हीरोच्या घराण्याचं ठिकाण आहे, वर मोठा वाडा वगैरे. विमानात बसल्यापासून याचं सुरू, "आत्या, आपण तो व्हिला बघायचा हं." मी म्हटलं बघू.

सिएनात मुक्काम होता. सिएनाहून मोंतेरिज्जोनीच्या पायथ्याशी बस येते, सोपं आहे, पण आम्ही टॅक्सी करून आधी अब्बादिया आ इसोला नावाच्या ठिकाणी गेलो. टॅक्सीवाल्याने दोनदा विचारलं, नक्की तिथेच ना? कारण तिथे एक जुना मठ, त्याचं दगडी चर्च आणि थोडी घरं एवढंच आहे. इसोला म्हणजे बेट, आणि बेट कसलं तर आजूबाजूला तेव्हा दलदल होती आणि मधे हा मठ, १००१ सालचा. त्याच्याही आधी, दहाव्या शतकाच्या शेवटी, सिगेरिक नावाचा कँटरबरीचा आर्चबिशप रोमहून इंग्लंडला परत जाताना इथे थांबला होता. त्याने वाटेतल्या मुक्कामांची यादी लिहून ठेवली, एकूण ७९, त्यात ही जागा आहे. त्या यादीवरूनच आज लोक व्हिया फ्रांचिजेना नावाची रोमच्या यात्रेची जुनी वाट चालतात, खांद्यावर सॅक, हातात काठ्या, आणि एक छोटं पुस्तक ज्यात मुक्कामाच्या ठिकाणी शिक्के मारून घेतात. आम्हाला एक साठीच्या बाई भेटल्या, एकट्याच, गुडघ्याला पट्टा बांधलेला. माळ नाही की टाळ नाही, पण चाल अगदी वारकऱ्याची, ना घाई ना थांबणं. हसून हात केला आणि गेल्या पुढे. आम्ही बसलो बुटाच्या नाड्या बांधत.

तिथून मोंतेरिज्जोनी चार किलोमीटरच्या आतबाहेर. पांढऱ्या खडीची कच्ची वाट, दोन्हीकडे नांगरलेली शेतं, मधे थोडी झाडी. त्या खडीचा फुफाटा पिठासारखा बुटांवर बसतो, नवऱ्याचे काळे बूट अर्ध्या तासात राखाडी झाले. सकाळी धुकं होतं. पहिला काही वेळ काहीच दिसेना, भाचा म्हणायला लागला "आत्या, मॅप नीट बघितलायस ना?" आणि मग एका वळणावर धुकं जरा खाली बसलं आणि वर, हवेत म्हणावं असे, चार-पाच बुरूज. खाली टेकडी नाही, तट नाही, नुसते बुरूज, त्यांचे खालचे भाग धुक्यात बुडालेले. बेंबीपर्यंत! मी अक्षरशः ओरडले. नवरा दचकला, त्याला वाटलं पाय मुरगळला.

मग तासभर तो तट आमच्याशी लपाछपी खेळत होता. झाडीत शिरलो की गायब, बाहेर आलो की आधीपेक्षा मोठा. ही गोष्ट पार्किंगमधून कळत नाही. चालत येणाऱ्याला तो तट तासभर दिसत राहतो, म्हणजे तटावरच्या माणसाला तुम्ही तासभर दिसत राहता. तुमच्याबरोबर किती माणसं आहेत, घोडे किती, तुम्ही दमलात की नाही, सगळं त्याने आधीच मोजलेलं असतं. शेवटचा चढ अंगावर येतो, भाच्यालाही दम लागला. आणि हातात काठीसुद्धा नसलेल्या मला त्या बंद तटाकडे बघून वाटून गेलं की बाबांनो दार उघडा, आम्ही पाहुणे आहोत.

आत मग तेच, चौक, विहीर, चर्च. पण या वेळेला मला काही कमी वाटलं नाही. उभं राहून कॉफी प्यायलो (इटलीत काउंटरशी उभं राहून प्यायली की स्वस्त, टेबलावर बसलात की बिल फुगतं, हे एकदा खिसा हलका झाल्यावर कळतं). भाच्याने अख्खं गाव दहा मिनिटांत पालथं घातलं आणि तोंड पाडून आला. "व्हिला नाहीये." नाहीच आहे, तो गेमवाल्यांनी मनाने बांधलाय. त्याची समजूत काढायला तिथल्या चिलखतांच्या छोट्या संग्रहालयात नेलं, तिथे जुन्या चिलखतांच्या प्रतिकृती आहेत आणि काही वस्तू अंगावर चढवून बघता येतात. त्याने साखळ्यांचं जाळीदार चिलखत उचललं आणि चेहराच बदलला. "हे घालून ते पळायचे?" गेममध्ये हीरो भिंतीवरून उड्या मारतो म्हणे. याला ते घालून सरळ उभं राहता येईना.

तटावर चढायला तिकीट आहे, थोडेच युरो, ते मात्र चुकवू नका. सगळा तट फिरता येत नाही, दोनच तुकडे खुले आहेत, लोखंडी जिन्याने वर जायचं. काही लोक नाक मुरडतात की हे लोखंड कशाला, मूळ रूप बिघडलं. मला हे कळत नाही. मूळ रूप कुठलं धरायचं? दांतेने बघितलेले बुरूज आजच्यापेक्षा उंच होते, पुढे तोफांच्या काळात ते उतरवले गेले. आठशे वर्षं वापरातली वस्तू आहे ती, तिला ठिगळं असणारच, आजीच्या गोधडीला कोणी म्हणतं का की मूळ कापड दाखवा.

वरून एका बाजूला कियांतीच्या द्राक्षांचे मळे, ऑक्टोबरात पानं पिवळी-तांबडी झालेली. ते सगळ्यांच्या फोटोत असतं. पण मी बराच वेळ उभी होते ती दुसऱ्या बाजूला. तिकडे खाली सिएना-फ्लोरेन्स हायवे आहे, ट्रकचा घूं घूं आवाज सतत वर येतो. लोक म्हणतात त्या आवाजाने मजा जाते. अहो उलट! हीच तर मजा आहे. रस्ता रुंद झाला, बैलगाड्यांच्या जागी ट्रक आले, पण जायचं अजूनही तिथूनच, याच टेकडीच्या नजरेखालून. जागा निवडणाऱ्याने अशी निवडली होती की आठशे वर्षांनी डांबरी रस्ता करणाऱ्यालाही दुसरीकडून जाता आलं नाही.

आणि एवढा हा तट पडला कसा माहितीये? पडलाच नाही. तेराव्या शतकात फ्लोरेन्सने वेढे घातले, दाद दिली नाही. १५५४ मध्ये सिएनाने इथली शिबंदी जोवान्निनो झेती नावाच्या माणसाच्या हाती दिली होती. हा मूळचा फ्लोरेन्समधून हद्दपार झालेला. त्याला फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याशी समेट करून घ्यायचा होता, तर या पठ्ठ्याने काय करावं, किल्ल्या नेऊन सरळ मेदिचींच्या फौजेच्या हातात दिल्या. पुढच्याच वर्षी सिएना पडलं. सहा वर्षं खपून दगडावर दगड रचले, तीनशे वर्षांहून जास्त तो टिकला, आणि शेवटी आतूनच दार उघडलं गेलं. किल्ल्यांच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्यात त्यांना यात नवीन काही नाही, फितुरीला भाषा लागत नाही. नवरा म्हणाला, म्हणजे तुझं म्हणणं खरं आहे, प्रॉब्लेम सगळा आतच आहे. पीजे आहे, पण नोंद घ्यावी म्हणून लिहिलं.

जाणार असाल तर एवढंच करा. बसच्या टूरने गेलात तर निदान टूर मॅनेजरला सांगून खाली पायथ्याशी उतरा आणि चढून जा. गाडी भाड्याने घेऊन जाणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि टस्कनीतल्या जुन्या शहरांत गाडी आत घालू नका, मनाई असलेल्या भागात कॅमेरे असतात आणि दंडाचं पत्र नंतर मागे मागे घरी येतं. जुलैत तिथे मध्ययुगीन जत्रा भरते, लोक तसे कपडे घालून येतात, हौस असेल तर तेव्हा जा, मला गर्दी झेपत नाही. आणि रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. आम्ही राहिलो होतो.

म्हणजे संध्याकाळी खाली स्टॉपवर येऊन उभे राहिलो तर बसला भरपूर वेळ. वर दिवे लागले. भाचा दिवसभर व्हिला व्हिला करत होता, त्याने पहिल्यांदाच आपणहून मोबाईल वर केला आणि तटाचा फोटो काढला, मग अजून एक, मग रस्ता ओलांडून पलीकडून एक. मग म्हणाला, "आत्या, गेममध्ये पण तो पहिल्यांदा येतो ना, आई आणि बहिणीला घेऊन, तेव्हा चालतच येतो. मी तो सीन नेहमी स्किप करायचो."

तेवढ्यात बस आली.